वाट्यांखालच्या चिठ्ठ्या

या, अशा जवळ सरकून बसा. भिंतीला टेकलात तरी चालेल. आज पूर्वरंग नाही, निरूपण नाही, एकदम आख्यानालाच हात घालते. हे आख्यान कुठल्या पोथीतलं नाही, आमच्या ओट्यावर घडलेलं आहे. शेवटपर्यंत बसलात तर तुमच्याकडे माझं एक मागणं आहे, ते मागून घेईन आणि मग उठा.

कोजागिरीची सकाळ होती. माझी भाची गोदी ओट्यावर मांडी घालून शाळेचं पुस्तक वाचत होती आणि समोर धोंडीबुवा डोळे मिटून ऐकत होते. धडा होता एका शेळीचा आणि तिच्या गळ्यातल्या घंटेचा. गोदी दुसरीतली, पण आवाज असा खणखणीत की शेजारच्या ओट्यावर दाढी करत बसलेले हणमंततात्या वस्तरा थांबवून कान देत. शेळी हरवते तिथे पोरीचा आवाज खाली यायचा, घंटा ऐकू येते तिथे वर चढायचा. मध्येच बोटाला थुंकी लावून ती ऐटीत पान उलटायची.

धोंडीबुवा म्हणजे आमचे कीर्तनकार. दर पौर्णिमेला कृष्णेपलीकडून नावेने यायचे, दत्ताच्या देवळात कीर्तन करायचे आणि उतरायचे आमच्याकडे, कारण माझा भाऊ शिवराम त्यांना तबल्यावर साथ करी. मी नवऱ्यामागे शिवणाचं मशीन घेऊन माहेरी परतलेली. त्या दिवसांत मला जगायला दोनच गोष्टी पुरत होत्या, एक गोदी आणि दुसरं पौर्णिमेचं कीर्तन.

धडा संपला तसं शिवरामने मिशीवरून हात फिरवून बुवांकडे बघितलं. त्याला फुगायला कारणही होतं. देवळाच्या पंचांनी आदल्या दिवशीच निरोप धाडला होता की यंदा दत्तजयंतीची चिठ्ठी गोदी वाचणार.

ही चिठ्ठीची रीत आमच्या गावची, बुवांनीच घालून दिलेली. दत्तजयंतीला ते विषय ठरवून कीर्तन करत नसत. देवापुढे एक तांब्या ठेवायचा. ज्याला जे वाटेल ते त्याने कागदावर लिहायचं आणि घडी करून तांब्यात टाकायचं. मग गावातलं वाचायला शिकलेलं लहानात लहान लेकरू पुढे यायचं, त्यातली एक चिठ्ठी काढून मोठ्याने वाचायचं, आणि जे निघेल त्यावर बुवांनी तिथल्या तिथे कीर्तन उभं करायचं. वात्रट माणसं बुवांना अडकवायला काहीबाही टाकत. एका वर्षी 'कुलूप' निघालं. बुवांनी त्या कुलपापासून मनाच्या बंद कोठारापर्यंत कीर्तन असं नेलं की किल्ली कुणाच्या हातात आहे हे सांगेपर्यंत बायकांचे पदर डोळ्यांना लागले होते. एकदा 'ढेकूण' निघाला, तर त्याचंही त्यांनी सोनं केलं. चिठ्ठी वाचणाऱ्या लेकराला ते नारदाच्या गादीवर आपल्याशेजारी उभं करत, कपाळाला बुक्का लावत. तो मान ज्या घरात येई तिथे वर्षभर त्याचंच कौतुक चाले.

बुवांनी डोळे उघडले, गोदीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गोड म्हणतेस म्हणाले. शिवराम आंघोळीला गेला तसे ते माझ्याकडे वळले.

"आक्का, एकदा पोरीला पुस्तक मिटून वाचायला सांगा."

मला काही उमगलं नाही. पण बुवांचा शब्द मी कधी खाली पडू दिला नव्हता. दुपारी ते देवळात गेल्यावर मी पुस्तक मिटलं, गोदीच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, आता वाच. तिने वाचला की हो सगळा धडा. शेळी हरवली, घंटा वाजली, आणि जिथे पान उलटायचं तिथे पोरीने बोटाला थुंकी लावून हवेतलं पान उलटलं.

मी पुस्तकातला पुढचा, शाळेत अजून न झालेला धडा काढून समोर धरला. तिने चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा चित्राकडे बघितलं.

"आत्या, हा अजून कुणी म्हणून दाखवला नाही."

शेळीचा 'श' सुद्धा तिला ओळखू येईना.

आता यात पोरीचं काय चुकलं? आमचं घरच कानाने जगणारं. गोदीची आई शेवंतावहिनी आरत्या शिकली ती तिच्या आईच्या जात्यापाशी. शिवराम तबला शिकला तो वडिलांच्या मांडीवरच्या थापा ऐकून. गोदीला शाळेचं पुस्तक मिळालं तसं मी त्यातल्या एकेका धड्याला चाल लावून तिला म्हणून दाखवायची, आणि ती दुसऱ्या दिवशी एक शब्द न चुकता म्हणायची, की आम्ही सगळे खूश. पोर वाचायला लागली. शाळेतही सगळा वर्ग एका सुरात म्हणणारा, त्यात हिचा आवाज सगळ्यांच्या पुढे. संशय यायचा कुणाला?

शेवंता भाकरी थापत होती. मी सांगितलं तसा तिचा हात परातीतच राहिला. तिचं म्हणणं एकच, आत्ताच्या आत्ता पंचांना सांगा की पोर आजारी आहे, दुसरं लेकरू घ्या.

"ती दिवसभर बडबडणारी पोर हाय, आक्का. साऱ्या गावापुढं तोंड उघडलं न्हाई आनि कुनी फिदीफिदी हसलं, तर आतनं मिटून जाईल. पुन्हा पुस्तकाला हात लावायची न्हाई."

तिचं खरं होतं. पण गोदी दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली. रडली वगैरे नाही. तिला वेगळंच कोडं पडलं होतं.

"वाचायचं म्हणजे आठवायचं नसतं?"

"नाही ग. बघायचं असतं."

"मग कुणी आधी सांगितलं नसलं तरी कळतं?"

"कळतं."

"लोकांच्या मनातलं? त्यांनी नुसतं लिहिलं असलं तरी?"

"तेसुद्धा."

तिने दाराची कडी दोनदा खडखडवली. मग म्हणाली, "मला ते पाहिजे."

झालं. शिवरामला तूर्त सांगायचं नाही, असं आम्ही नणंदा-भावजयांनी ठरवलं. हातात होते ते मार्गशीर्षातल्या पौर्णिमेपर्यंतचे दिवस.

पहिल्यांदा मी पाटी घेतली. क, ख, ग लिहून दिलं. तासाभरात पोरीने ती सगळी माळ पाठ करून टाकली आणि पाटीवर भलतीकडेच बोट ठेवून सुरात म्हणायला लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, ज्याला क्रम आहे ते हिचा कान गिळून टाकणार. हिला असं काहीतरी द्यायला हवं की ज्याला मागचा-पुढचा धागाच नाही. आणि असं काय असतं? तांब्यातली चिठ्ठी.

मग आमचा खेळ सुरू झाला. जुन्या कॅलेंडरच्या पानांचे मी तुकडे केले. एकेकावर एकेक वस्तू लिहिली. ओट्यावर वाट्या पालथ्या घातल्या, प्रत्येकीखाली एक चिठ्ठी. गोदीने हवी ती वाटी उचलायची, चिठ्ठी बघायची आणि ती वस्तू घरातून शोधून आणायची. नळ, फणी असलं सोपं पहिल्यांदा. नळ काही उपटून आणता येईना, तर पोर ओल्या हाताने परत आली. रोज वाट्या फिरवायच्या, चिठ्ठ्या बदलायच्या. काना आला की ती 'आ' करून टाळी वाजवायची, वेलांटी आली की मान वेळावायची. कीर्तनात समेवर माना हलतात ना, तसं.

आठवड्यात पोर पटापट वस्तू आणायला लागली. मी मनात दत्ताला पेढे बोलून टाकले. पण शेवंता चुलीपाशी बसून बघत होती. ती म्हणाली, आक्का, पोर चिठ्ठी बघतच न्हाई, तुमच्याकडं बघती.

बघते तर काय, 'लसूण' लिहिलेली वाटी उचलली की माझीच नजर लसणाच्या टोपलीकडे जायची. तिच्याबरोबर माझे ओठही हलायचे. पोर कागद वाचत नव्हती, आत्याचं तोंड वाचत होती. त्या दिवसापासून गोदीने वाटी उचलली की मी पदर तोंडावर ओढून घ्यायची. शेवंता भिंतीकडे तोंड करायची. येणारी-जाणारी बाई विचारायची, कोण गेलं हो तुमच्यात?

दिवाळीनंतर खेळ वाढवला. वस्तूऐवजी हुकूम. चिठ्ठीत जे लिहिलं असेल ते समोरच्याने करायचं. यात पोरीला अशी काही गोडी लागली म्हणता. आजवर सगळ्यांचं ऐकणारी ती, आता मोठी माणसं तिच्या तोंडाकडे बघत उभी. हणमंततात्यांना तर तिने पार राबवलं. 'टोपी उलटी घाला.' 'मांजर बना.' तात्या ओट्यावर रांगत म्याव म्याव करायचे आणि बायकोला सांगायचे, तुझं राज्य संपलं, आता गोदीचं चालू झालं.

शिवरामपासून किती दिवस लपणार? एका संध्याकाळी त्याच्यापुढेच तिने वाटी उचलली आणि अक्षर अक्षर जुळवून वाचलं, 'बाबा, गाणं गा.' त्याने तिचं ते अडखळणं ऐकलं, आमचे झाकलेले चेहरे बघितले, आणि त्याला कळायचं ते कळलं. तो खाली बसला. एवढंच म्हणाला की पोर पुस्तक तर घडाघडा वाचायची. मग घसा खाकरून त्याने गाणं म्हटलं. हुकूम तो हुकूम.

कार्तिकी पौर्णिमेला बुवा आले. एरवी जेवण झालं की पडायचे. त्या दिवशी पडलेच नाहीत. सारी दुपार वाट्यांपाशी बसून होते. कान्याला टाळी का, वेलांटीला मान का, उकाराला काय करता, सगळं विचारून घेतलं. गोदीने त्यांच्यापुढे चिठ्ठी धरून म्हटलं, आता तुम्ही वाचा. ते हसले. मी ऐकणारा माणूस बाळ, तू वाच म्हणाले.

जोडाक्षरांशी मात्र घोडं अडलं. दत्तजयंती आठवड्यावर आली आणि एका चिठ्ठीवर पोर किती वेळ खिळून बसली. शेवटी तिने चिठ्ठी चुरगाळली. डोळे भरले होते.

"आत्या, तू एकदा म्हण ना. फक्त एकदा. मग मला येईल."

मला राहवेना हो. सात वर्षांचं लेकरू, आणि मला ठाऊक, एकदा म्हटलं की तिला खरंच येणार. तोंड उघडणार एवढ्यात शेवंता चुलीपासून उठली. पहिल्या दिवशी माघार घ्या म्हणणारी तीच ही.

"आक्का, म्हनायचं न्हाई." मग ती पोरीच्या शेजारी बसली, चुरगळलेला कागद गुडघ्यावर घासून सरळ केला. "बस. मला भाकरीची घाई न्हाई."

त्या दिवशी जेवायला फार उशीर झाला. पण 'गप्पा' हा शब्द गोदीने कुणाच्या मदतीशिवाय वाचला.

दत्तजयंतीला देऊळ ओसंडून वाहत होतं. सूर्य मावळताना दत्तजन्म झाला, सुंठवडा वाटून झाला. बुवा गादीवर उभे राहिले, गळ्यात हार, हातात चिपळ्या. शिवराम तबला लावत होता, पण त्याचा हातोडा भलतीकडेच पडत होता. गोदीला नवं परकर-पोलकं मी शिवलं होतं. बुवांनी तिला गादीवर घेतलं, बुक्का लावला. तिने तांब्यात हात घातला आणि चिठ्ठी काढली.

उघडून ती बघत राहिली.

"बु," गोदी म्हणाली, आणि थांबली.

आमच्या गावची माणसं मायाळू, लेकरू अडलेलं त्यांना बघवत नाही. लगेच मदत सुरू झाली. कुणी म्हणालं बुक्का असेल. मागून बायका म्हणाल्या, बुट्टी, बुट्टी, भाकरीची बुट्टी. एक पंच, अण्णा चौगुले, पुढे वाकून म्हणाले, "बुद्धी असंल पोरी. बुद्धी म्हन आनि मोकळी हो."

कीर्तनाला किती शोभणारा शब्द. म्हटला असता तर सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या, कुणी तपासलंही नसतं. गोदीने मान वर केली. गर्दीतून तिची नजर मला शोधत आली. आणि मी, सगळ्या गावादेखत, पदर तोंडावर ओढून घेतला.

पदराआड मला नुसता अंधार दिसत होता. मग तिचा आवाज आला.

"थांबा. मी बघतेय."

आणि एकेक अक्षर, पायरी उतरावी तसं, देवळात पडायला लागलं. "बु. वां. नी. बुवांनी. आ. ज. आज. ग." इथे ती पुन्हा अडली. "गप्प. गप्प ब. सा. वं." मग सगळं एका दमात, "बुवांनी आज गप्प बसावं."

मग कुजबुज उठली. अण्णा चौगुले म्हणाले, पोर भेदरलीय, काहीबाही बोलती, असं कुनी लिहील व्हय? बुवा, तुमीच बघा जरा.

बुवांनी चिठ्ठी हातात घेतली. बघितली. बराच वेळ बघितली. मग त्यांनी ती गोदीला परत दिली.

"गादीवर उभं राहून तिनं वाचलंय. माझ्यापुरतं तेच खरं. बाळ, पुन्हा वाच. बोट ठेवून."

गोदीने पुन्हा वाचलं. बोट ठेवून, तेच, तसंच. अजून लोक एकमेकांकडे बघतायत, एवढ्यात खांबाआडून दोन्ही कान धरलेले हणमंततात्या उभे राहिले.

"मीच टाकली हो ती. महिनाभर पोरगी मला हुकूम सोडतीय, म्हटलं एकदा बुवांनाबी सोडूया. नेमकी माझीच निघंल हे काय ठावं?"

देऊळ हसून हसून गडगडलं. त्यात पोरीला हसणारं कुणी नव्हतं, ते सगळे तात्यांना हसत होते. तबल्यापाशी शिवराम मात्र मान खाली घालून डग्ग्याच्या वाद्या ओढत बसला होता, डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून. बुवांनी चिपळ्या गोदीच्या हातात दिल्या, गादीखाली उतरले, तिच्या पायांना हात लावून नमस्कार केला आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले, ओठांवर बोट ठेवून. चिठ्ठी म्हणजे आज्ञा. त्या वर्षी कीर्तन झालंच नाही. गोदीने चिपळ्या वाजवल्या आणि सगळ्या गावाने आरतीपर्यंत दत्तनामाचा गजर केला. असा गजर मी पुन्हा ऐकला नाही.

पण आख्यान अजून संपलं नाही. संपलं असतं तर मी तुम्हाला एवढं जवळ कशाला बसवलं असतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी नाव सुटायची वेळ झाली तरी बुवा ओट्यावरच. वळकटी बांधलेली, काठी हातात. मी चहा दिला. त्यांनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"आक्का, काल मी ती चिठ्ठी हातात धरली, ती सुलटी होती की उलटी?"

कुलपावर, ढेकणावर तासन् तास बोलणारे बुवा. त्यांच्या गुरूंनी सगळं तोंडी दिलं होतं आणि त्यांनी सगळं कानाने घेतलं होतं, आमच्या गोदीसारखं. चिठ्ठी लेकराने वाचायची ही रीत त्यांनी का घातली, ते माझ्या ध्यानात आलं.

उत्तर आतून आलं. गोदी दारात उभी होती.

"उलटी होती, बुवा. मी कुणाला सांगितलं नाही."

गावापुढे पोरगी खोटी ठरत असताना तिला एवढंच म्हणता आलं असतं की बुवांनी कागद उलटा धरलाय. ती म्हणाली नव्हती.

ती गेली आणि वाट्या घेऊन आली. ओट्यावर एकेक पालथी घातली. मग मला म्हणाली, "आत्या, सोप्या लिही." आणि बुवांना, "आधी नळ असतो. तो आणता येत नाही, नुसता हात ओला करून यायचं."

नाव गेली. बुवांनी वळकटी सोडली.

पुढे दर पौर्णिमेला ते एक दिवस आधी यायचे. पांढऱ्या मिशांचा तो मोठा माणूस काना आला की 'आ' करून टाळी वाजवायचा. गोदी आपला परकर डोक्यावरून ओढून बसायची, तिचं तोंड बघून त्यांनी ओळखू नये म्हणून. आंब्याला मोहोर आला तेव्हा त्यांनी पहिला हुकूम वाचला, 'बुवा, हसा.' वाचला, पण हुकूम काही त्यांना पाळता आला नाही. डोळ्यांना उपरणं लावून बसून राहिले. गोदीने तेवढं चालवून घेतलं.

बुवा जाऊन आता बरीच वर्षं झाली. गोदी कऱ्हाडला असते, तिची नातवंडं शाळेत जातात. तेव्हा आता माझं मागणं. तुमच्या घरात एखादं लेकरू, नाहीतर एखादं म्हातारं माणूस, ओळीवर बोट ठेवून अडखळत असेल, तर पुढचा शब्द त्याच्या तोंडात घालू नका. घटकाभर थांबा. आणि थांबाल तेव्हा आमच्या धोंडीबुवांची आठवण काढा.